भट्टीवरची नानकटाई घरच्या ओव्हनमध्ये का होत नाही?

परातवाली

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत तीनदा आणि परवाच्या रविवारी चौथ्यांदा नानकटाई बिघडली, म्हणून हा धागा.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. दिवाळीआधी आठ दिवस आणि मे महिन्याच्या सुट्टीत आई आणि शेजारच्या दोन काकू मैदा, रवा, पिठीसाखर, तूप असं सगळं पितळेच्या डब्यांतून गावातल्या बेकरीत घेऊन जायच्या. जिन्नस आपला, भट्टी त्यांची, मजुरी किलोवर. नंबर लागेपर्यंत आम्ही पोरं मैद्याच्या पोत्यांवर बसून असायचो आणि उठलो की चड्डीवर पांढरे शिक्के. भट्टीवाले मामा लांब दांड्याच्या फळीनं पत्रे आत सरकवायचे, कोणाचा पत्रा कोणता ते त्यांनाच ठाऊक, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. भाजलेला पत्रा बाहेर काढून फरशीवर आपटला की सगळ्या नानकटाया एकदम सुटून यायच्या, तो आवाज मला अजून येतो. मग तेलाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात भरून, डबा सायकलच्या कॅरियरला बांधून घरी.

त्या बेकरीची भट्टी आता बंद झाली. मामांच्या मुलांनी दुकान ठेवलंय पण पावसुद्धा बाहेरून आणून विकतात.

मी पुण्यात, २८ लिटरचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आहे. माप असं घेतलं: मैदा २ वाट्या, बेसन पाव वाटी, रवा २ चमचे, पिठीसाखर १ वाटी, तूप १ वाटी, चिमूटभर सोडा, वेलदोडा. १८० वर २० मिनिटं. पहिल्यांदा सगळ्या पसरून ट्रेभर मिळून एकच नानकटाई झाली, सुरीनं वड्या पाडून खाल्ली. दुसऱ्यांदा तूप कमी केलं तर दगड. तिसऱ्यांदा वरून लाल आतून कच्ची. परवाची दिसायला बरी होती पण भेगा नाहीत, आणि तोंडात टाकली की विरघळते तसं काही नाही. नवरा म्हणतो दोनशे रुपयांत अर्धा किलो मिळते, तू पाच रविवार घालवतेयस. (चारच झालेत.)

तर एक, भेगा कशा पाडायच्या? आणि दोन, विकत मिळत असताना घरी करून बघायचा हा नाद अजून कुणाला आहे का? असल्यास काय काय बिघडवलंय ते लिहा, म्हणजे मला जरा बरं वाटेल.

चिंगी

अगदी अगदी!! ते पत्र्याचे डबे!! आमच्याकडे डब्यात तळाला वर्तमानपत्र घालायचे आणि शेवटच्या नानकटाईला बातमी छापलेली असायची.

वाटीचमचा

कुठली वाटी?

मस्करी नाही करत. आमटीची वाटी, श्रीखंडाची वाटी आणि लग्नात आहेर आलेली वाटी ह्या तिन्हींत फरक असतो. मी मेलबर्नला आलो तेव्हा पहिले सहा महिने माझा एक केक धड होईना. ओव्हन बदलला, मैदा बदलला, बायकोला दोष देऊन झाला. मग कळलं की इथला टेबलस्पून २० मिलीचा असतो आणि बाकी जगाचा १५ चा. मी अमेरिकन पाकृ (पाककृती) बघून इथल्या चमच्यानं तेल आणि कोको घालत होतो. कपाचंही तेच, अमेरिकन कप २४० मिली, इथला २५०. दहा मिलीनं काही बिघडत नाही पण चमच्यानं बिघडतं.

तेव्हापासून वजनकाटा. ग्रॅम म्हणजे ग्रॅम. ताई, तुमच्या आईंचं प्रमाण किलोत होतं ना? मग वाटीत का आणलंत?

परातवाली

@वाटीचमचा, हे खरंच लक्षात आलं नाही. आईला फोन करून विचारते. वाटी आमटीची आहे.

तिरसट

मैदा, साखर आणि तूप. तिन्ही विषं एकत्र करून वर दिवाळी म्हणायचं. आमच्या पिढीनं हे बंद केलं तर बरं होईल. नाचणीची भाकरी खा.

खारीशौकीन

@तिरसट, काका तुम्ही मिसळीच्या धाग्यावर पण हेच लिहिलं होतं. तिकडे पाव होता, इकडे नानकटाई. एकदा तरी चहात खारी बुडवा हो, राग जाईल. (हलकं घ्या)

इनोसेंट

बिघडवलेल्यांची यादी मागितलीय तर ही घ्या.

१. लग्नानंतर पहिला केक. पाकृत ३५० लिहिलं होतं. आमच्या ओव्हनची चकती २५० लाच संपते. म्हटलं जेवढं आहे तेवढं तरी देऊ, फुल्ल फिरवली. वीस मिनिटांत स्वैपाकघरात धूर, सासरे पूजा सोडून बाहेर. ते फॅरनहाइट होतं हे मला चार महिन्यांनी कळलं. ३५० फॅरनहाइट म्हणजे जेमतेम १७७ सेल्सिअस!

२. बिनअंड्याचा केक, सोडा होता, दही विसरले. चव साबणाची.

३. इनो घालून केलेला रव्याचा केक. इनो घातल्या घातल्या तो जो फसफसून वर आला, मला इतका आनंद झाला की मी व्हिडिओ काढत बसले. ओव्हनमध्ये जाईपर्यंत सगळा फेस खाली. आणि इनो लिंबाच्या स्वादाचं होतं, केक चॉकलेटचा.

आयडी उगाच नाही घेतलेला.

चिंगी

हसून हसून पुरेवाट!! "जेवढं आहे तेवढं तरी देऊ" 😂

मृण_डेन्व्हर

@इनोसेंट, फसफसण्यावरून माझं दुःख सांगते. मुंबईत असताना माझा स्पंज केक कधी म्हणजे कधी बिघडला नाही, इतका की मला जरा माज होता. इथे आले आणि पहिलाच केक ओव्हनच्या काचेतून बघते तर छान टम्म फुगलेला, आणि मग माझ्या डोळ्यांदेखत मधोमध बसला, बशीसारखा. पुन्हा केला, पुन्हा बशी. शेजारची म्हातारी अमेरिकन बाई म्हणाली, अगं तू मैलभर उंचीवर राहतेस. डेन्व्हर साधारण १६०० मीटरवर आहे, हवेचा दाब कमी, पाणी ९५ च्या आसपासच उकळतं, गॅस जास्त फुगतो आणि केकची भिंत भाजून पक्की व्हायच्या आत कोसळते. मग बेकिंग पावडर पाऊण केली, पाणी दोन चमचे वाढवलं, ओव्हन दहाएक डिग्री जास्त. आता नीट होतो. मात्र पहिल्या दोन बश्यांत मी खड्ड्यात आइस्क्रीम भरून पाहुण्यांना "ही नवीन पद्धत आहे" म्हणून वाढलं होतं आणि एकीनं पाकृ मागितली.

ठाकुर्लीकर

आमच्याकडे ओव्हन म्हणजे तो गोल अॅल्युमिनियमचा होता, वर झाकणाला काचेची खिडकी असलेला. आईचा लाडका. वायरीला कापड गुंडाळलेलं असायचं आणि हात लावला की बारीक झिणझिण्या यायच्या म्हणून आई लाकडी पाटावर उभी राहून केक करायची. आम्ही तिघं भावंडं त्या खिडकीभोवती डोकी लावून. ओव्हन यायच्या आधी कुकरमध्ये, रिंग आणि शिट्टी काढून, तळाला वाळू. वाळू बिल्डिंगच्या बांधकामावरून आणलेली, धुऊन चाळून कोरडी करून एका डब्यात जपून ठेवलेली, डब्यावर "केकची वाळू" अशी चिठ्ठी. एकदा पाहुण्या आत्यानं ती बडीशेप समजून डबा उघडला होता.

जाता जाता, भट्ट्यांचं म्हणाल तर मुंबईत आता लाकडाच्या भट्टीवरचा पाव इतिहासजमा होणार. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं लाकूड-कोळसावाल्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. धूर होतो हे खरंच आहे, माझ्या मुलाला दमा आहे त्यामुळे मी त्या निर्णयाच्या बाजूनं आहे. पण कडक पावाचा तो जरासा धुरकट वास जाणार म्हणून वाईटही वाटतं. दोन्ही एकदम वाटतं, काय करणार.

भाऊसाहेब६३

परातवाली ताई, मी निवृत्त झाल्यावर पाव करायला शिकलो. त्यामुळे भट्टीबद्दल थोडं लिहू शकतो, लांबेल, सांभाळून घ्या.

भट्टी म्हणजे विटांची गुहा. लाकडं पेटवून ती तापवतात, मग निखारे बाजूला सारतात किंवा काढतात, आणि भाजणं होतं ते विटांत साठलेल्या उष्णतेवर. आधी पाव, कारण त्याला जास्त आच लागते. पाव निघाले की भट्टी हळूहळू उतरत जाते, त्या उतरत्या आचेवर बिस्किटं, नानकटाई, आणि सगळ्यात शेवटी टोस्ट आणि खारी वाळवायला. तुमचा नंबर दुपारी लागायचा ना? सकाळी नसेलच. म्हणजे नानकटाईला सुरुवातीला बऱ्यापैकी आच आणि मग कमी कमी होत जाणारी, तीही चारी बाजूंनी सारखी.

ओटीजीमध्ये याच्या बरोब्बर उलट. कांडी लाल होते, बंद पडते, पुन्हा लाल होते. वरच्या कांडीजवळ ट्रे असेल तर वरून लाल आतून कच्ची, हे तुमचं तिसऱ्या वेळचं. शिवाय चकतीवर १८० लिहिलंय म्हणजे आत १८० आहे असं समजू नका. मी ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर आणला, तर माझा ओव्हन २५ डिग्री खोटं बोलत होता. दहा वर्षं!

उपाय म्हणून सुचवतो. खालच्या जाळीवर बिडाचा जाड तवा ठेवा आणि त्याच्यासकट ओव्हन २०० वर चांगला अर्धा तास तापवा. मग ट्रे मधल्या जाळीवर सरकवा आणि लगेच चकती १६० वर आणा. तव्यात साठलेली उष्णता खालून हळूहळू मिळत राहील. भट्टी नाही होणार, पण भट्टीची चुलत बहीण होईल.

आता नादाबद्दल. मी चाळीस वर्षं नोकरीत फायली हलवल्या. एक काम असं नव्हतं की जे मी केलं आणि संध्याकाळी पावासारखं समोर दिसलं. पहिल्यांदा यीस्ट घातलं ते कडकडीत पाण्यात, साठ डिग्रीच्या आसपास ते मरतंच, मला कोण सांगणार. पीठ फुगेना म्हणून रात्री दोनदा उठून बघितलं. सौ. म्हणाली, नातू झाला तेव्हा एवढ्या वेळा उठला नव्हतात. आता दर शनिवारी एक लादी करतो. पीठ आधी हाताला चिकटून चिकटून नको करतं, अंगठीत जाऊन बसतं, आणि मग दहाव्या-बाराव्या मिनिटाला एकदम परात सोडतं, गुळगुळीत होतं. तो क्षण दर वेळी येतो आणि दर वेळी मला वाटतं की आज नाही येणार. थोडा गोळा तोडून दोन्ही हातांनी ताणला की पातळ पडदा होतो, पलीकडचा खिडकीचा उजेड दिसतो. तो दिसला की सौ. ला हाक मारतो. ती आता येत नाही, आतूनच "दिसला का?" विचारते.

चिंगी

काका 🙏 वाचनखूण साठवली.

सुरंगी

भाऊसाहेब, काय सुंदर लिहिलंत.

मला एक वेगळंच म्हणायचंय. हे बेकिंग म्हणजे काहीतरी साहेबाकडून आलेलं असं आपण का धरून चालतो? माझी आजी वेंगुर्ल्याची, तिच्या चुलीवर धोंडस व्हायचं. मोठं जून तवसं (काकडी) किसून, भाजलेला रवा, गूळ, ओलं खोबरं, वेलची, जाड बुडाच्या पितळी टोपात. टोपाखाली मंद विस्तव आणि वर झाकणावर निखारे. वर-खाली आच म्हणजे ओव्हन नाही तर दुसरं काय? कडेला जी खरपूस पापडी धरायची तिच्यावरून आम्हा मावसभावंडांत मारामाऱ्या व्हायच्या. आजीनं ओव्हन हा शब्द आयुष्यात उच्चारला नसेल.

आणि गोव्याची बेबिंका तर त्याहून भारी प्रकरण. नारळाचं दूध, अंड्याचे बलक, साखर, थोडा मैदा. एक थर ओतायचा, वर नारळाच्या पेटलेल्या सोडणांची आच द्यायची, तो भाजला की त्यावर तूप आणि पुढचा थर. सात थर तरी हवेतच, जुनी माणसं सोळा म्हणतात. मी गेल्या नाताळात ओटीजीत केली, फक्त वरची कांडी लावून. पाच तास स्टुलावर बसून होते. सहाव्या थराला कंटाळून उरलेलं सगळं एकदम ओतलं. त्यामुळे माझी बेबिंका खालून बेबिंका आणि वरून पुडिंग. गोव्याच्या बेबिंकेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, माझी बघितली असती तर काढून घेतलं असतं.

खवय्यी_सीकेपी

+१. कोलंबीचं भानोलं पण असंच, वर-खाली निखारे. आता आम्ही ओव्हनमध्ये करतो आणि आत्या दर वेळी म्हणते "तसं नाही लागत".

तिरसट

धोंडसाला माझी हरकत नाही.

खारीशौकीन

@तिरसट, ऐतिहासिक क्षण. ह्या प्रतिसादाची चौकट करून लावा कुणीतरी.

घरबेकर

धागा छान चाललाय त्यात मीठ टाकते. नाद नादापुरता ठीक, पण "इतकं छान करतेस तर विकत का नाही?" असं कुणी म्हणालं की कानात बोटं घाला.

मी २०२० च्या लॉकडाउनमध्ये सुरू केलं. तेव्हा आठवतंय ना, यीस्ट मिळेना, जो तो बनाना ब्रेड करत सुटलेला. मला सोसायटीतून ऑर्डरी यायला लागल्या. रीतसर अन्न परवान्याची नोंदणी केली, कार्ड छापली. आणि मग सुरू झालं. "अर्धा किलोत डायनासोर बसेल ना?" "अंडं नको पण स्पंज अगदी तसाच हवा." "बाहेर तर साडेतीनशेला मिळतो." एका ताईंनी निळ्या रंगाचा युनिकॉर्न सांगितला, घेऊन गेल्या, आणि रात्री अकराला फोटो पाठवला, केक मे महिन्यात गाडीच्या डिकीत तीन तास ठेवलेला. युनिकॉर्नचं शिंग वितळून कानाशी आलेलं. खाली लिहिलं होतं, "असा कसा केलात?"

दोन वर्षं केलं, मग बंद केलं. बंद केल्यावर सहा महिने ओव्हनकडे बघवेना. परत सुरू केलं ते लेकीच्या हट्टानं, तिला पुण्याच्या कयानी बेकरीसारखी श्रूजबेरी बिस्किटं घरी करायची होती. तीन वेळा केली, तशी झाली नाही, पण तिसऱ्या वेळी लेक म्हणाली "आई, आज तू ओरडली नाहीस". तेव्हा कळलं की ऑर्डरीच्या काळात मी केवढी ओरडत असणार.

असो. ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आले आणि स्वतःचंच दळण दळलं. नानकटाई पसरते ती तुपामुळे. तूप वितळलेलं वापरलंत का? मे महिन्यात पुण्यात तूप बाहेर पाण्यासारखं असतं. रवाळ, थिजलेलं हवं. गोळे करून ट्रे वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि मगच ओव्हनमध्ये. बेकरीवाले डालडा वापरायचे त्याचं एक कारण हेच, तो उशिरा वितळतो.

परातवाली

@घरबेकर, वितळलेलंच होतं. मी तर सोपं जावं म्हणून मुद्दाम पातळ केलं 🤦 आणि तुमचा तो "ओरडली नाहीस" वाचून दोन मिनिटं गप्प बसले.

बेकरीत डालडा नव्हता हो, आई घरचं तूप न्यायची. म्हणजे आमच्या डब्यातून तरी तूपच जायचं, पुढचं देव जाणे. एका काकूंना कायम संशय होता की आपलं तूप बेकरीवाल्याच्या घरी आणि डालडा आपल्या नानकटाईत, त्या भट्टीसमोरून हलायच्या नाहीत.

ठाकुर्लीकर

विजेच्या बिलाचं कुणी काही बोलेना. आमच्याकडे ओटीजी लावला की बाबा मीटरकडे जाऊन उभे राहायचे.

वाटीचमचा

@ठाकुर्लीकर, १५०० वॅटचा ओटीजी तासभर अखंड चालला तर दीड युनिट. प्रत्यक्षात कांडी मधे मधे बंद होते म्हणजे त्याहून कमीच. बाबांना सांगा गिझर जास्त खातो.

ठाकुर्लीकर

सांगितलं. आता गिझरसमोर उभे आहेत.

इनोसेंट

वीज म्हणाल तर आमच्या गावाकडे केक अर्धा भाजला की लाइट जाणार हे ठरलेलं. इन्व्हर्टरवर ओव्हन चालत नाही. एकदा अर्धा कच्चा केक तसाच उचलून शेजारच्या चुलीवर कढईत झाकून पूर्ण केला, वर निखारे ठेवून, ते सुरंगीताई म्हणतात तसं. वास धुराचा, पण पोरांनी संपवला. त्यांना अजून वाटतं तो वेगळा प्रकार होता आणि मी परत का करत नाही.

मृण_डेन्व्हर

कुणी कणकेची नानकटाई केलीय का? सासूबाई येतायत, मैदा चालत नाही त्यांना.

भाऊसाहेब६३

केलीय. चक्कीची कणीक पाणी जास्त ओढते आणि कोंडा असल्यामुळे भुगा होतो. निम्मी कणीक निम्मं बेसन घ्या, कणीक आधी कोरडी मंद भाजून, गार करून. खमंग लागते. पण ती नानकटाई नव्हे, भाजलेला लाडू म्हणा. लाडू म्हणून उत्तम आहे.

तिरसट

नाचणी घाला.

मृण_डेन्व्हर

@तिरसट काका, नाचणी घालून करीन आणि तुमच्या नावानं वाढीन.

परातवाली

आईशी बोलले. हे बघा काय काय निघालं.

प्रमाण: १ किलो मैद्याला पाऊण किलो तूप आणि पाऊण किलो पिठीसाखर. बेसन मूठभर, "मूठ माझी, तुझी नाही". म्हणजे माझी साखर तूप वाटीच्या हिशेबात कुठेच्या कुठे होती. @वाटीचमचा, तुम्हाला दंडवत.

दुसरं, तूप फेसणं. हे मी पार विसरले होते. आई थिजलेलं तूप आणि पिठीसाखर परातीत घेऊन तळहाताच्या टाचेनं गोल गोल फेसायची, बर्फाच्या पाण्याचं भांडं शेजारी, हात गरम झाला की त्यात बुडवून पुसून पुन्हा. पिवळं तूप पांढरं आणि हलकं होईपर्यंत. मग त्यातला थेंब वाटीतल्या पाण्यात टाकायचा, तरंगला तर झालं, बुडाला तर अजून फेसा. फोनवर आई सांगत होती आणि मला एकदम आमच्या स्वैपाकघरात भिंतीला टेकून बसलेली ती दिसली, उजव्या हाताची बांगडी कोपरापर्यंत सरकवलेली. मी पिठीसाखर, तूप, मैदा सगळं एकदम घालून मळत होते. पोळीच्या कणकेसारखं. दगड होणार नाही तर काय.

तिसरं, भेगांचं विचारलं तर म्हणाली, "भेगा मी कुठं पाडायचे? त्या भट्टीवाल्याला विचार." भट्टीवाले मामा नाहीत आता.

घरबेकर

मळायचं नाहीच, नुसतं गोळा करायचं. मळलं की चिवट होतं.

भेगांसाठी दोन गोष्टी. पीठ जरा कोरडंच हवं, गोळा वळताना कडा चिराव्यात इतकं. आणि सुरुवातीला कडक आच, म्हणजे वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि आतला सोडा फुगून तो फोडतो. भाऊसाहेबांची बिडाच्या तव्याची युक्ती इथे बरोब्बर बसते. सोड्यासोबत चमचाभर आंबट दही घाला, सोड्याला आंबट काहीतरी लागतंच, नाहीतर इनोसेंटताईंचा साबण.

बेकरीवाले अमोनिया (म्हणजे अमोनियम बायकार्बोनेटची पूड) पण घालतात, त्यानं जास्त जाळी पडते आणि खुसखुशीत होतं. भाजताना तो सगळा उडून जातो, बिस्किट पातळ असलं की. जाड केकमध्ये घालू नका, वास आत अडकून राहतो. घरी घातलात तर ओव्हन उघडताना तोंड लांब ठेवा, मी एकदा वाकून बघितलं होतं आणि डोळ्यांतून पाणी, लेकीला वाटलं केक बिघडला म्हणून आई रडतेय.

सुरंगी

ताई रविवारची वाट बघतोय. फोटो टाका.

खारीशौकीन

मी फक्त खायला आलोय ह्या धाग्यावर, करत काही नाही. पण काल रात्री अकरा वाजता हे सगळं वाचून घरात पिठीसाखर आहे का बघितली. मुंग्या होत्या.

परातवाली

रविवारचा अहवाल. मोबाईलवरून टंकतेय, एका हातानं, दुसरा दुखतोय.

पाव किलो मैदा, म्हणजे तूप आणि पिठीसाखर प्रत्येकी १८८ ग्रॅम (हो, काट्यावर). तूप रात्री फ्रीजमध्ये, सकाळी काढून पिठीसाखर घालून फेसायला घेतलं. पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही, नुसतं परातीला माखतं. पंधराव्या मिनिटाला रंग बदलायला लागला. पाण्यात थेंब टाकला, बुडाला. लेक शेजारी बसून होती, तिला म्हटलं तू टाक. तिनं दोन मिनिटांनी टाकला, बुडाला. असं चार वेळा. पाचव्यांदा तो वाटीच्या मध्यापर्यंत गेला आणि हळूच वर आला. लेक एवढ्यानं ओरडली की नवरा पेपर टाकून आला.

तवा ठेवून २०० वर अर्धा तास. ट्रे फ्रीजमधून थेट आत, चकती १६० वर. मग आम्ही तिघं खाली फरशीवर बसून काचेतून बघतोय. आठव्या मिनिटापर्यंत नुसते गोळे. मग कडेच्या एकीला वर बारीक रेघ आली, केसाएवढी. मग ती रेघ उघडली. मग शेजारची. नवरा, जो पाच रविवार म्हणत होता (आता खरंच पाच झाले), तो म्हणतो, "ती डावीकडची अजून फुटली नाही, ट्रे फिरव." मी म्हटलं दार उघडायचं नाही. तर तो मोबाईलचा टॉर्च लावून बघत बसला.

२२ मिनिटं. १९ नानकटाया, त्यातल्या सोळांना भेगा. गरम असताना मऊच होत्या, मला वाटलं परत गेली, पण गार झाल्यावर बोटानं दाबली की भुगा. तोंडात टाकली, चावावं लागलं नाही. ट्रे आपटून बघितला, पण नॉनस्टिकचा ट्रे कसला वाजतो.

आठ आईला बसनं पाठवल्या, एका ओळखीच्यांबरोबर. आज फोन आला.

चिंगी

काय म्हणाल्या???

परातवाली

म्हणाली, "छान झाल्यात गं. अगदी तश्शा. पण ती खालून काळी झालेली एखादी कुठाय?"

भट्टीच्या तोंडाजवळच्या पत्र्यावर चार-पाच कायम करपायच्या. त्या पाहुण्यांना द्यायच्या नाहीत म्हणून आई घरी बाजूला काढायची आणि रात्री आम्ही झोपल्यावर चहाबरोबर ती त्याच खायची. मला वाटायचं आमच्यासाठी चांगल्या ठेवते म्हणून. आज म्हणते, "मला त्याच आवडायच्या."

भाऊसाहेब६३

पुढच्या वेळी चार गोळे ट्रेवर न ठेवता थेट तव्यावर ठेवा.

परातवाली

ठेवते. सहावा रविवार.

दादरचा_दामू

छान धागा. सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. ओव्हन नसेल तर कुकरमध्ये होईल का? आणि तूप किती वाट्या?

वाटीचमचा

कुठली वाटी?